परिचारिकेच्या हाती वस्तीचे आरोग्य
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत दिलेले व्याख्यान)



महोत्सवाच्या प्रसंगी मागे वळून पाहावे, देवाचे उपकार स्मरावे आणि पुढील वाटचालीचा विचार करावा, अशी रीत आहे. मागील इतिहास सांगण्याचे काम इतर वक्ते आमच्यापेक्षा अधिक चांगले करतील. आम्ही आज अशा एका सेवेविषयी बोलणार आहोत की, जिची गरज घराघरांत आहे, परंतु जिचे मोल क्वचितच ओळखले जाते. ती सेवा परिचारिकेची होय. आणि तीही मोठ्या इस्पितळात डॉक्टरांच्या पाठीशी उभी असलेल्या परिचारिकेची नव्हे, तर वस्तीत व खेड्यात रोग्यास प्रथम भेटणाऱ्या, त्यास तपासणाऱ्या, साधा आजार स्वतः सांभाळणाऱ्या व कठीण आजार वेळीच पुढे धाडणाऱ्या परिचारिकेची.

कोणी विचारील की, धर्मगुरूने औषधपाण्यावर व्याख्यान का द्यावे? उत्तर सरळ आहे. अंतिम तैलाभ्यंगासाठी आम्हांस बोलावणे येते, तेव्हा पुष्कळदा घरच्यांच्या तोंडून एकच हकीकत ऐकू येते: रक्तदाबाची गोळी चालू होती, बरे वाटले म्हणून सोडली, खोकला दोन महिने होता, पण कारखान्याचा खाडा कोण करणार, नर्सबाई सांगून गेली होती, पण ती काही डॉक्टर नव्हे. या तिन्ही वाक्यांत जीव अडकलेला असतो. म्हणून हा विषय आमचा आहे आणि तुमचाही आहे.

प्रथम हे पाहू की, ही कल्पना कोठून आली. 1965 साली अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड नावाच्या परिचारिकेने व डॉ. हेन्री सिल्व्हर यांनी अनुभवी परिचारिकांस विशेष शिक्षण देण्यास आरंभ केला. जेथे डॉक्टर पोहोचत नव्हते, तेथे मुलांची तपासणी, नेहमीच्या आजारांचे उपचार व आईबापांस सल्ला हे काम त्यांनी करावे, असा हेतू होता. अशा परिचारिकेस तिकडे ‘नर्स प्रॅक्टिशनर’ हे नाव पडले. डॉक्टरमंडळींत शंका उठली आणि ती रास्तही होती. शंकेचे निरसन वादाने न होता परीक्षेने झाले. कॅनडातील बर्लिंग्टन गावी काही कुटुंबे डॉक्टरांकडे व काही परिचारिकांकडे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे वाटून दिली आणि वर्षभर त्यांच्या प्रकृतीचा हिशेब ठेविला. 1974 साली तो प्रसिद्ध झाला. दोन्हीकडच्या कुटुंबांची प्रकृती सारखीच राहिली होती, आणि परिचारिकेकडे झालेल्या भेटींपैकी सुमारे दोन-तृतीयांश भेटींत तिला डॉक्टरांस विचारावे लागले नव्हते. पुढे 2018 साली अशा 18 परीक्षांचा एकत्र विचार झाला, तेव्हाही असेच दिसले की, नेहमीच्या आजारांत शिक्षित परिचारिकेच्या हातून होणारे उपचार डॉक्टरांच्या उपचारांहून उणे ठरत नाहीत. रोगी मात्र अधिक समाधानी असतात, कारण परिचारिका त्यांच्याशी अधिक वेळ बोलते.

परंतु दूर देशाचेच दाखले कशास? आपल्या करमाळ्याच्या उत्तरेस जामखेड आहे. तेथे 1970 साली डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने काम उभारले. त्यापूर्वी वडाळा येथील मिशन इस्पितळात काम करीत असता त्यांच्या ध्यानी आले होते की, रोगी बरा होऊन घरी जातो व त्याच घाणेरड्या पाण्यामुळे, त्याच अपुऱ्या अन्नामुळे पुन्हा परत येतो. म्हणून जामखेडास त्यांनी शिकलेल्या परिचारिकांस खेड्यांत राहण्यास पाठविण्याचे योजिले. ते साधले नाही. परिचारिका परक्या, एकट्या व शहरात वाढलेल्या. गावाचा त्यांच्यावर विश्वास बसेना आणि त्यांचाही जीव तेथे रमेना. तेव्हा गावकऱ्यांतूनच सूचना आली की, आमच्याच गावची एखादी बाई निवडा व तिला शिकवा. निवडलेल्या स्त्रियांपैकी पुष्कळजणी निरक्षर, कित्येक दलित समाजातील. त्या दर आठवड्यास जामखेडास येत, एकत्र जेवत, एकत्र निजत व एकत्र शिकत. परिचारिकेचे काम येथे बुडाले नाही, उलट वाढले: गावच्या बाईने पाहावे, तिला न उमगेल ते परिचारिकेने पाहावे, आणि तिलाही न सुटेल ते डॉक्टरांपुढे जावे, अशी पायऱ्यापायऱ्यांची रचना झाली. 1979 साली या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज दोघेही हयात नाहीत. काम चालू आहे.

दुसरा दाखला गडचिरोलीचा. तेथे डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने 39 गावांतील स्त्रियांस नवजात बालकाची घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले. बाळाचे वजन करणे, त्यास ऊब देणे, जंतुदोषाची लक्षणे ओळखणे आणि आईबापांनी इस्पितळास जाण्याचे नाकारिल्यास इंजेक्शन देणे, इतके त्या करू लागल्या. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या हिशेबाप्रमाणे, तुलनेसाठी घेतलेल्या गावांशी पाहता, नवजात बालकांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. पुढे 2011 पासून हीच रीत आशाताईंच्या द्वारे देशभर नेण्यात आली.

आता सरकारी व्यवस्था पाहू. 1946 साली भोर समितीने प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना मांडिली. त्या मार्गाने पुढे सपाट प्रदेशात 30,000 लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र व 5,000 लोकांमागे एक उपकेंद्र, असे प्रमाण ठरले. उपकेंद्रात एक नर्सबाई असे. तिचे मुख्य काम बाळंतपणे व लसटोचणी. 2018 साली या उपकेंद्रांस नवे रूप देण्याचे ठरले. आज त्यांस आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. तेथे समुदाय आरोग्य अधिकारी नेमिले जातात. ते परिचर्येचे अथवा आयुर्वेदाचे शिक्षण घेतलेले असून त्यांनी सहा महिन्यांचा खास अभ्यासक्रम पुरा केलेला असतो. आपल्या देशात ‘नर्स प्रॅक्टिशनर’ हे नाव अतिदक्षता कक्षातील व प्रसूतिसेवेतील परिचारिकांच्या अभ्यासक्रमांस लाभले आहे. प्राथमिक आरोग्यात त्याच जातीचे काम या अधिकाऱ्यांकडे आले आहे.

ही परिचारिका नेमके काय करते, हे चार उदाहरणांनी सांगतो. कारण जे कळत नाही त्यावर विश्वास बसत नाही.

पहिले उदाहरण लहान मुलाच्या जुलाबाचे. मूल जुलाबाने मरते ते बहुधा शरीरातील पाणी व क्षार गेल्यामुळे. परिचारिका मुलाचे डोळे पाहते, पोटाची कातडी चिमटीत धरून ती किती वेगाने मागे जाते ते पाहते, मूल पाणी पिते की पिण्याचेही त्राण नाही ते पाहते. साधे असेल तर क्षारसंजीवनीचे पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात मिसळून थोडे थोडे पाजावयास सांगते व 14 दिवस जस्ताची गोळी देते. मूल सुस्त असेल तर क्षणही न दवडता इस्पितळात धाडते. हे पाणी किती मोलाचे आहे, हे 1971 साली बांगलादेशाच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी दाखवून दिले. तेथे सलाइनच्या बाटल्या संपल्या होत्या, तेव्हा याच पाण्याने असंख्य जीव तगले.

दुसरे उदाहरण खोकला व तापाचे. परिचारिका घड्याळ हाती घेऊन पूर्ण एक मिनिट मुलाचे श्वास मोजते. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे 60, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या मुलाचे 50 आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे 40 किंवा अधिक श्वास भरले, तर न्यूमोनियाचा संशय धरावा, हा नियम आहे. इतकी साधी मोजणी आईने शिकली तरी तिचे मूल वाचू शकेल. मोठ्या माणसाचा खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला तर परिचारिका थुंकीची तपासणी करविते. विड्या वळणाऱ्या व यंत्रमागावर राबणाऱ्या आपल्या सोलापुरास हा नियम पाठ असावयास हवा. क्षयाचे औषध सरकारातून फुकट मिळते. ते साधारणतः सहा महिने न चुकता घेणे, एवढेच रोग्याच्या हाती असते, आणि त्याची आठवण परिचारिका व आशाताई देतात.

तिसरे उदाहरण रक्तदाब व मधुमेहाचे. तिशी उलटलेल्या प्रत्येकाने रक्तदाब व रक्तातील साखर तपासून घ्यावी, असे सरकारी धोरण आहे. रक्तदाब वेगवेगळ्या दिवशी मोजूनही 140 किंवा 90 च्या वर राहिला, तर तो आजार समजावा. डॉक्टर निदान पक्के करून गोळी ठरवितात; पुढे महिन्याची औषधे देणे, पुन्हा मोजणे, वहीत लिहिणे आणि जो आला नाही त्यास निरोप धाडणे, हे काम उपकेंद्रातून होते. या आजारात दुखत खुपत काहीच नाही, म्हणून माणूस फसतो. गोळीने बरे वाटले म्हणजे आजार गेला असे नव्हे; गोळी आहे म्हणून बरे आहे. मधुमेह्याचे पाय तपासणे हेही परिचारिकेचेच काम, कारण संवेदना गेलेल्या पायाची लहानशी जखम पाय कापण्यापर्यंत जाते.

चौथे उदाहरण गरोदर स्त्रीचे. रक्तातील हिमोग्लोबिन 11 च्या खाली गेले तर पंडुरोग. 7 च्या खाली गेले तर इस्पितळाचीच वाट. लोहाच्या गोळ्या गरोदरपणी 180 दिवस व बाळंतपणानंतर 180 दिवस घ्यावयाच्या असतात. किती सुना त्या गोळ्या फडताळात ठेवून देतात, हे सासवांनी स्वतःस विचारावे!

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की, डॉक्टरांची जागा परिचारिकेस देणे म्हणजे गरिबास हलक्या प्रतीचे औषध देणे. हा आक्षेप तेव्हाच खरा ठरेल, जेव्हा परिचारिकेस अपुरे शिक्षण, रिकामे कपाट व पाठीशी कोणी नाही, अशी स्थिती असेल. डॉक्टरांशी तिचा संबंध तुटला तर ती एकटी पडते; जुळलेला राहिला तर ती डॉक्टरांचा लांब झालेला हात ठरते. दुसरा आक्षेप मर्यादेचा. तो तर परिचारिकेच्या शिक्षणाचा पहिला धडाच आहे. 2019 च्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कायद्यातही अशा मध्यम स्तरावरील सेवकांस प्राथमिक व प्रतिबंधक उपचारांतील ठरावीक औषधेच स्वतंत्रपणे देता येतील, इतर औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली, असा निर्बंध घातला आहे. उलट जो कोणी पदवी नसता दर रोग्यास सुई टोचतो व सलाइन लावतो, त्यास मर्यादा माहीत नसते. आपले लोक त्याला ‘डॉक्टर’ म्हणतात व शिकलेल्या परिचारिकेस ‘नुसती नर्स’ म्हणतात, ही खेदाची गोष्ट आहे. सुई म्हणजे उपचार ही समजूत टाकिली पाहिजे.

कोणी कोणास बरे करावे, हा प्रश्न आपल्या ख्रिस्तसभेतही एके काळी उठला होता. धर्मभगिनींनी वैद्यकी व सुईणपण करू नये, असा जुना नियम होता. ऑस्ट्रियात जन्मलेल्या डॉ. ॲना डेंगल या 1920 पासून रावळपिंडीस रोगी तपाशीत होत्या. पडद्यातील स्त्रिया पुरुष डॉक्टरांपुढे येत नसल्यामुळे उपचारावाचून मरतात, हे त्यांनी पाहिले, आणि 1925 साली मेडिकल मिशन सिस्टर्स हा संघ स्थापिला. अखेर 11 फेब्रुवारी 1936 रोजी रोमने परवानगी दिली. माणसाचा जीव व जुनी चाल यांत निवड करावी लागली, तेव्हा ख्रिस्तसभेने जीव निवडला. दयाळू शोमरोन्यानेही जखमेवर तेल व द्राक्षारस ओतला तेव्हा आपल्या अधिकाराचा विचार केला नाही. मात्र रोग्यास उतारशाळेत पोहोचविले, खर्चाची सोय केली व पुन्हा येण्याचे वचन दिले. प्रथमोपचार, पुढे धाडणे व पाठपुरावा, ही तिन्ही कामे त्या दृष्टांतात आहेत.

सोलापूरकरांस तर या सेवेचा विशेष अभिमान असावा. चीनमध्ये 1942 साली सेवा करीत असता वारलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस या शहरात जन्मले. त्यांच्या पत्नी गुओ छिंगलान या परिचर्येच्या शिक्षिका होत्या. वैद्यक व परिचर्या या दोन्ही विद्या एका संसारात नांदल्या, हा आपल्यापुढील कित्ताच आहे. आणि गरज आजही संपलेली नाही. 19 जानेवारी 2024 रोजी शहराजवळ कुंभारी येथे रे नगरातील 15,000 घरे विडी कामगार, यंत्रमाग कामगार व इतर श्रमिकांस देण्यात आली. घरे झाली, आता तेथे मराठी, तेलुगू व कन्नड बोलणाऱ्या आयाबायांची भाषा जाणणारी परिचारिका हवी.

तेव्हा आमची विनंती तीन प्रकारची आहे. तिशी उलटलेल्यांनी या महिन्याच्या आत जवळच्या केंद्रावर जाऊन रक्तदाब व साखर मोजून घ्यावी, आणि चालू असलेली गोळी डॉक्टरांस अथवा परिचारिकेस विचारल्यावाचून बंद करू नये. दुसरे, आईबापांनी परिचर्येकडे जाऊ इच्छिणाऱ्या मुलीस व मुलासही अडवू नये. हे पोटापुरते काम नव्हे, ही विद्या आहे. तिसरे, वस्तीत नर्सबाई किंवा आशाताई आली तर तिला उंबऱ्यावर उभी न ठेवता बसावयास पाट द्यावा, पाणी द्यावे व तिचे म्हणणे पुरते ऐकावे. उन्हाळ्यात सोलापूरच्या उन्हात ती दारोदार फिरते, हे विसरू नये.

आजाऱ्यांची सेवा ही माझीच सेवा, असे प्रभूने सांगितले आहे. ज्या स्त्रिया ती रोज करितात, त्यांचा आदर करणे हीही एक भक्तीच होय. परमेश्वर आपल्या घरांस आरोग्य देवो, सेवा करणाऱ्या हातांस बळ देवो आणि आपणांस त्यांचे ऐकण्याची सुबुद्धी देवो. आमेन.