एका अर्ध्या ‘र’चीं दोन लेखनें

आचार्यास दक्षिणा द्यावी आणि आचाऱ्यास वेतन. हा भेद मराठी वाचकाला अर्ध्या ‘र’च्या आडव्या खुणेवरून कळतो. संगणकाला खूण दिसत नाहीं, त्याला केवळ आंकडे कळतात. अक्षरांना आंकडे नेमून देणारा जागतिक संकेत म्हणजे युनिकोड. त्याची पहिली आवृत्ति १९९१ सालीं निघाली.

१९९६ च्या दुसऱ्या आवृत्तींत हा अर्धा ‘र’ लिहिण्यासाठीं ‘र’, हलन्त आणि त्यामागून एक अदृश्य सांधणारें चिन्ह अशी योजना होती. पुढें, खालीं बिंदु असलेल्या ‘ऱ’ला हलन्त जोडण्याची अधिक सरळ रीत नियमांत आली. मग जुनी रीत रद्द कां केली नाहीं? तसें करतांच आधींच्या मजकुरांतले सारे आचारी आचार्य झाले असते! म्हणून दोन्ही रीती ग्राह्य राहिल्या.

निर्णय योग्यच होता. पण त्याचें मोल लोकांना द्यावें लागतें. पेडगांवच्या एखाद्या यादींत कुणा शेतकऱ्याचें ‘वऱ्हाडे’ हें आडनांव एका रीतीनें लिहिलेलें असावें आणि शोधणारानें तें दुसऱ्या रीतीनें लिहावें. डोळ्यांना दोन्ही एकच दिसतात, यंत्र मात्र ‘नांव नाहीं’ म्हणून मोकळें होतें. वेड पांघरून पेडगांवला जातो तो माणूस. यंत्राचें अज्ञान खरेंच असतें. युनिकोडच्या स्वतःच्या एकरूपीकरणांतहि हीं दोन रूपें एक होत नाहींत. शोधापूर्वीं तीं जुळवून घेण्याचा नियम आज्ञावली लिहिणारालाच निराळा घालावा लागतो.