बुधवारी अडीच वाजता

(वाशी येथे वस्त्यांमधील कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



बालवाडी शिक्षिकेच्या ऑनलाइन अभ्यासक्रमाला आपल्या वाशी-तुर्भ्याच्या गटातून अकरा जणी बसल्या. पहिल्या खेपेला नुसते व्हिडिओ होते. केव्हाही बघा, कितीदाही बघा. मलाही वाटलं, बायकांसाठी याहून सोयीचं काय असणार? महिन्याभरात सात जणी गळल्या.

घरोघरी जाऊन विचारलं. 'कठीण आहे' असं एकीनेही म्हटलं नाही. 'केव्हाही' म्हणजे भांडी झाल्यावर, मुलं झोपल्यावर, म्हणजे उद्या. 'आता माझा तास आहे' असं घरात ठणकावून सांगावं, तर तास नसतोच! एक जण म्हणाली, "ताई, व्हिडिओतल्या बाईंना माझं नावही माहीत नाही. मी नाही बसले तर कोणाचं अडतंय?"

हे काही नवीन नाही. दूरदर्शनवर १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे शैक्षणिक कार्यक्रम लागत. त्यात प्रश्न विचारायची सोय नव्हती. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघालं. त्यांनी पुस्तकं तर दिलीच, पण अभ्यासकेंद्रांवर संपर्क सत्रंही ठेवली. शाळा सुटलेल्या कितीतरी बायका पूर्वतयारीच्या परीक्षेतून पदवीच्या वाटेला लागल्या. पुढे २०१७ मध्ये केंद्र सरकारचं 'स्वयम' आलं. तिथे शंका लिहून विचारता येते. पण लिहायला आधी शंका मांडता यावी लागते, आणि आपल्या बायका अडतात त्या तिथेच.

आमच्या तक्रारीवरून संस्थेने थेट तास जोडला. वेळ ठेवली संध्याकाळी सातची! सातला कुकर लावायचा, मुलांचा अभ्यास घ्यायचा, नवरा घरी. शिवाय हजेरी प्रमाणपत्राला जोडलेली आणि कॅमेरा चालू ठेवायची सक्ती. एका खोलीच्या घरात कॅमेरा चालू म्हणजे सासऱ्यांची खाट, वाळत घातलेले कपडे, सगळं जगाला दाखवायचं.

भांडून वेळ बदलून घेतली. बुधवार, दुपारी अडीच. धुण्याभांड्याची सकाळची कामं झालेली असतात, संध्याकाळची लागायची असतात. पण तेव्हा फोन नवऱ्याबरोबर कामावर गेलेला! म्हणून बालवाडीच्या खोलीत एका फोनभोवती पाच-सहा जणी बसू लागल्या. शिकवणाऱ्या बाईंना आधी ते आवडलं नाही. कोण बोलतंय ते कळेना. मग प्रत्येकीने आधी नाव सांगून बोलायचं ठरलं. फुकटची जोडणी चाळीस मिनिटांनी तुटते, तेवढ्यात चहा होतो.

तिसऱ्या बुधवारी एकीने विचारलं, "मूल डाव्या हाताने लिहितं म्हणून आई त्याला मारते. मी आईला काय सांगू?" बाईंनी ठरलेला धडा बाजूला ठेवला आणि तासभर त्यावरच बोलल्या. डावखुरेपणाचा धडा व्हिडिओत होता, मारणाऱ्या आईचा नव्हता.

तरीही बाजार समितीत कांदा-बटाटा निवडायला जाणाऱ्या दोघींना अडीच जमत नाही. त्यांच्यासाठी तासाचं ध्वनिमुद्रण हवं, आणि त्यांची हजेरी कापता कामा नये. संस्था म्हणते, नियम सगळ्यांना सारखा. सारखा नियम करताना दिवस कोणाचा डोळ्यांपुढे होता, हे मी त्यांना विचारलं आहे. उत्तर आलेलं नाही.

पुढच्या तुकडीचं वेळापत्रक ठरायचं आहे. त्या बैठकीला शिकणाऱ्या दोघींना बोलवा, असं मी लेखी कळवलं आहे. कोण जाणार, ते आज इथेच ठरवूया.