फेरतपासणी आणि आपला हक्क



संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान थांबले, की कचेरीच्या खिडकीवर 'वरूनच बंद झाले' एवढे ऐकून आपण परततो. पायाने अधू असलेल्या एका भगिनीबरोबर आम्हीही तसेच परतलो. चूक आमचीच, लेखी कारण मागितलेच नाही! दुसऱ्या खेपेस अर्ज देऊन तारखेची पोच घेतली, तेव्हा कळले: हयातीचा दाखला मिळाला नाही म्हणे. तो दिला होता. झेरॉक्स मात्र ठेवली नव्हती.

उत्तर मिळाले नाही, तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. मुदत ३० दिवस, दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास फी नाही. अपंगत्वाची टक्केवारी कमी लावली असेल, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ५९ खाली अपील करता येते. विद्यार्थ्यांनो, रविवारी विहारात बसून वस्तीतल्यांचे अर्ज लिहून द्याल का?