स्फोटांची गोष्ट, आजीच्या भाषेत

१९५६ आणि १९५७. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मारालिंगाच्या माळावर ब्रिटनने सात अणुस्फोट घडवले. माती किरणोत्सारी झाली, तिथल्या आदिवासी कुटुंबांचा मुलूख सुटला.

ही कहाणी ‘बिग हार्ट’ या कलासंस्थेने ‘ङापार्जी ङापार्जी’ या नाटकातून मांडली. लेखक-दिग्दर्शक स्कॉट रँकिन. निवेदक ट्रेव्हर जेमिसन, ज्यांचं स्वतःचं कुटुंबच विस्थापित झालं होतं. रंगमंचावर गाणी आणि नृत्य, पडद्यावर चित्रफिती.

नावाचा अर्थ, मी तुला काही देतो, तू मला दे. म्हणून प्रेक्षकही त्या कुटुंबांच्या पिटजंतजारा भाषेतले शब्द शिकत.

नाटकामागे मोठं काम उभं होतं. ॲलिस स्प्रिंग्जमध्ये तरुणांसाठी कार्यशाळा झाल्या. आजी-आजोबांसोबत मुलांनी भाषेचे धडे चित्रित केले, आणि ते इंटरनेटवरून दूरदूरच्या घरांत पोहोचले.