माहितीपटाचीही उगवण चाचणी घ्या

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



भावाचा आणि वीजबिलाचा विषय झाला. आता एक वेगळा विषय मांडतो. गावोगाव मोबाईलवर माहितीपट फिरत आहेत. कुठे बियाण्याचा कट, कुठे औषधांचा कट, तर कुठे माणूस चंद्रावर गेलाच नाही म्हणून. पारावर बसून ते पाहिले जातात आणि पाहणाऱ्यांचे दोन तट पडतात. एक म्हणतो, "बघा, सगळे ठरवून चालले आहे." दुसरा म्हणतो, "हे सगळे थोतांड." आमचे म्हणणे असे, की दोघेही एकच काम टाळतात. ते काम म्हणजे तपासणी.

कट असतात, हे शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. बाजारात रुमालाखाली बोटे दाबून आपल्याच मालाचा भाव ठरताना आपल्या वाडवडिलांनी पाहिला. लिलावाच्या आधी चहाच्या टपरीवर व्यापाऱ्यांचे काय बोलणे होते, हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून 'कट' हा शब्द ऐकला की हसणाऱ्यांत आम्ही नाही.

सिद्ध झालेला कट कसा दिसतो?

एक उदाहरण देतो. लायसिन हा कोंबड्या आणि डुकरांच्या खाद्यात घालायचा पदार्थ. १९९२ ते १९९५ या काळात अमेरिकेची आर्चर डॅनियल्स मिडलँड ही कंपनी आणि जपान-कोरियातील कंपन्या हॉटेलांत गुपचूप भेटत. जगभर लायसिन कोणत्या भावाने विकायचे आणि कुणी किती विकायचे, हे तिथे ठरे. भुर्दंड पशुपालकांच्या माथी. हे कळले कसे? कंपनीतलाच एक अधिकारी सरकारी तपास यंत्रणेला मिळाला आणि बैठकांच्या टेप निघाल्या. १९९६ मध्ये कंपनीने गुन्हा कबूल करून १० कोटी डॉलर दंड भरला. १९९८ मध्ये तीन अधिकारी न्यायालयात दोषी ठरले.

यातली गंमत अशी, की खबर देणारा अधिकारी स्वतःच कंपनीचे लाखो डॉलर लाटताना सापडला. दोषी ठरलेल्या तिघांत तोही होता. माणूस खोटा निघाला, तरी टेप खरी ठरली. म्हणून सांगणारा साधू आहे की चोर, एवढ्यावर थांबू नये. त्याच्या हातात काय आहे ते पाहावे. या कटाला नावे आहेत, ठिकाण आहे, तारीख आहे, टेप आहे आणि निकाल आहे.

एकाच माहितीपटात गहू आणि कोंडा

आता आपल्या शेताजवळ येऊ. 'द वर्ल्ड अकॉर्डिंग टू मोन्सँटो' हा मारी-मोनिक रोबँ या फ्रेंच पत्रकार बाईंचा माहितीपट २००८ साली आला. त्यात अमेरिकेतील अॅनिस्टन या गावाची हकीकत आहे. तिथल्या कारखान्यात १९७१ पर्यंत पीसीबी नावाचे विषारी रसायन तयार होत होते. ते पाण्यात-मातीत गेले. धोका कंपनीला माहीत होता, हे तिच्याच कागदांवरून न्यायालयात उघड झाले आणि २००३ मध्ये सुमारे ७० कोटी डॉलरची तडजोड झाली. हा भाग खरा, कागदावर उभा असलेला.

त्याच माहितीपटात आपला विदर्भ येतो. बीटी कापूस आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या यांची जोडी लावली जाते. इथे थांबून विचारले पाहिजे: आधी काय घडले, नंतर काय घडले? बीटी कापसाला आपल्या देशात परवानगी मिळाली मार्च २००२ मध्ये. यवतमाळ जिल्ह्यातील चिलगव्हाणच्या शेतकरी कुटुंबाची सामूहिक आत्महत्या १९८६ ची. जे पीक शिवारात आलेच नव्हते, त्याच्यावर त्या मरणाचा दोष कसा जाईल? २००८ मध्येच आंतरराष्ट्रीय अन्न धोरण संशोधन संस्थेने आकडे तपासले. बीटीमुळे आत्महत्यांची लाट आली, असा पुरावा त्यांना मिळाला नाही. कर्ज, भाव, पाणी ही जुनी दुखणी होतीच. बीटीच्या नावाने ओरडले की ती झाकली जातात आणि ज्यांनी भाव पाडले ते मोकळे सुटतात.

'टर्मिनेटर' बियाण्याचेही तसेच. दुसऱ्या पिढीत उगवणारच नाही असे बी तयार करण्याचे पेटंट मार्च १९९८ मध्ये डेल्टा अँड पाइन लँड ही कंपनी आणि अमेरिकेचे कृषिखाते यांना मिळाले. हे खरे. पण ते बी कोणत्याही देशात विक्रीला आले नाही. आपल्या २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने तर अशा वाणाची नोंदणीच नाकारली आहे. तरीही १९९८ च्या अखेरीस कर्नाटकात कापसाचे चाचणी प्लॉट जाळले गेले, ते टर्मिनेटरच्या भीतीने. त्या झाडांत होते ते बोंडअळीविरोधी जनुक. बीटीची सरकी ओल्या गोणपाटात ठेवा, ती उगवते. पेरणीसाठी ती चांगली नसते, कारण वाण संकरित आहे आणि पुढची पिढी एकसारखी निघत नाही. हा संकरित बियाण्याचा जुनाच धर्म आहे.

पडद्यावर न दिसलेले

मग कंपन्या स्वच्छ आहेत काय? तसे आम्ही म्हणत नाही. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाला सोळाशे रुपयांच्या वर मोजावे लागत होते. त्यातला मोठा हिस्सा तंत्रज्ञानाच्या नावाने जाई. २००६ मध्ये आंध्र प्रदेश सरकारने मक्तेदारी आयोगाकडे तक्रार केली आणि पाकीट ७५० रुपयांवर आले. २०१० मध्ये कंपनीनेच मान्य केले, की गुजरातेत गुलाबी बोंडअळी पहिल्या बीटीला दाद देत नाही. २०१७ मध्ये तीच अळी, दुसरे बीटी असूनही, महाराष्ट्राचा कापूस खाऊन गेली. शेतकऱ्याचे खरे नुकसान इथे होते. पाकिटाच्या किमतीत आणि अळीच्या हिशेबात भीतीदायक संगीत घालता येत नाही, म्हणून अशी गोष्ट पारावर फिरत नाही. आणि कंपनीच्या जाहिरातीत जो हिरवागार कापूस दिसतो, त्यालाही हीच तपासणी लावली पाहिजे. तोही एक सिनेमाच आहे.

शंभर दाणे मोजा

पेरणीआधी आपण शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळतो आणि किती उगवले ते मोजतो. पिशवीवरच्या चित्रावर विश्वास ठेवत नाही आणि न मोजता पिशवी उकिरड्यावरही फेकत नाही. माहितीपटालाही हाच न्याय. चार प्रश्न विचारावेत.

पहिला : नाव, ठिकाण, तारीख सांगितली आहे, की नुसते 'ते लोक' म्हटले आहे?

दुसरा : कागद, टेप, निकाल दाखवला, की काळोख, ढोल आणि "असे तर नसेल?" एवढेच?

तिसरा : आधीचे आधी आणि नंतरचे नंतर आहे का?

चौथा : काय सापडले तर सांगणारा आपले म्हणणे मागे घेईल? उलट पुरावा दाखवला की "तोही कटातलाच" असे जो म्हणतो, त्याच्या गोणपाटात दाणाच नाही. चंद्राचेच पाहा. २००९ पासून अमेरिकी यानाने चंद्राभोवती फिरून अपोलोच्या उतरण्याच्या जागांची छायाचित्रे काढली. न मानणारे म्हणाले, छायाचित्रेही बनावट. अशा माणसाशी वाद घालण्यात हंगाम घालवू नये.

आपले काय जाते?

कुणी म्हणेल, पाहिला एक सिनेमा, त्यात आपले काय गेले? जाते, आणि पुष्कळ जाते. आपण कलेक्टर कचेरीत निवेदन घेऊन जातो. त्यात नऊ मागण्या हिशेबाच्या असतात आणि दहावे वाक्य मोबाईलवरून उचललेले. साहेब त्या दहाव्या वाक्यावर बोट ठेवतो, हसतो आणि नऊ मागण्यांसकट कागद बाजूला सारतो. आपल्या हातात पोलीस नाहीत, पैसा नाही. आपले बळ एकच, की आपण मांडलेला आकडा खोटा निघत नाही. ते बळ एका सिनेमापायी घालवायचे काय?

म्हणून आमची सूचना अशी. गावच्या शाखेत असे माहितीपट जरूर पाहा, बंदी कशालाही नको. पाहून झाल्यावर लगेच उठू नका. एकाने वही घ्यावी, माहितीपटातले दावे एकाखाली एक लिहावेत आणि प्रत्येकापुढे पुरावा मांडावा. पुरावा नसेल तिथे जागा कोरी ठेवावी. जो दावा उगवला, तो घेऊन पुढच्या बैठकीला या. त्यासाठी रस्त्यावर उतरायचे झाले, तर आम्ही तुमच्याबरोबर आहोत. जो उगवला नाही, तो निवेदनात घालू नका.