ज्या कामाची कोणी वाट पाहतंय



आजचा विषय कम्युनिटी कॉलेजातल्या शिकवण्याचा आहे. गावाच्या गरजेप्रमाणे अभ्यासक्रम ठरवणारं आणि थोड्या काळात हाताला काम देणारं कॉलेज, ही कल्पना अमेरिकेत रुजली. भारतात असं पहिलं कॉलेज १९९५ साली पाँडिचेरीत निघालं. पुढे बाराव्या पंचवार्षिक योजनेत विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यासाठी अनुदानाची योजना आणली. इतिहास इथेच थांबवतो, कारण मला विद्यार्थ्याबद्दल बोलायचं आहे. सकाळच्या वर्गाला बसून दुपारी दुकानात, कुरिअरच्या कामावर किंवा वडिलांच्या धंद्यात उभा राहणारा मुलगा मीरा रोड-भाईंदरच्या कुठल्याही कॉलेजात भेटेल. तो मागच्या बाकावर बसतो, हजेरीपुरता येतो. त्याचं लक्ष नाही, असं आम्ही मास्तर लोक म्हणतो. पण हाच मुलगा रात्री दुकानाचा गल्ला बिनचूक जुळवतो. तो हिशेब सकाळी मालक तपासणार असतो, म्हणून. वर्गात आम्ही घातलेल्या गणिताच्या उत्तराची मात्र कोणीच वाट पाहत नसतं.

या दुखण्यावर महाराष्ट्रातला सर्वांत नेमका इलाज पाबळला झाला, असं माझं मत आहे. शिरूर तालुक्यातलं हे अवर्षणग्रस्त गाव. हिंदुस्तान लिव्हरमधलं संशोधनाचं काम सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग १९८३ साली तिथे गेले आणि त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेल्या, नापासाचा शिक्का बसलेल्या मुलांना त्यांनी हाताशी धरलं. वर्षभराच्या निवासी अभ्यासक्रमात वेल्डिंग नि बांधकाम, वीज, शेती नि जनावरं, घर नि आरोग्य, हे सगळं प्रत्येकाने शिकायचं. आणि शिकायचं ते गावाची कामं करत, त्यांचे पैसे घेत.

त्यातलं एकच काम जरा सविस्तर सांगतो. भूजल शोधायचं तर जमिनीत ठोकलेल्या खुंट्यांमधून वीजप्रवाह सोडून खालच्या थरांचा विद्युतरोध मोजतात आणि त्यावरून पाण्याचा अंदाज बांधतात. बाजारातलं उपकरण गावाला न परवडणारं, म्हणून आश्रमात स्वस्तातलं तयार झालं, आणि मुलं ते घेऊन शेतकऱ्यांच्या शिवारात सर्वेक्षणाला जाऊ लागली. आता विचार करा. ओहमचा नियम त्या मुलाने शाळेत घोकला असेल आणि विसरलाही असेल. इथे त्याच्या आकड्यावर विश्वास ठेवून समोरचा शेतकरी विहिरीला पैसा घालणार आहे. खुंट्यांमधलं अंतर चुकलं तर काय होतं, हे तो मुलगा स्वतःहून विचारतो. एरवी प्रश्न विचारा म्हणून आम्ही वर्गात विनवण्या करतो! पुढे पाबळला घुमटाकार घरं झाली, अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीने फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या साहाय्याने वस्तू घडवण्याची कार्यशाळाही आली. पाहुणे यंत्रं बघून थक्क होतात. मला मात्र यंत्रांपेक्षा तो शेतकरी महत्त्वाचा वाटतो.

कर्मवीर भाऊराव पाटलांची ‘कमवा आणि शिका’ योजना आपल्याला ठाऊक आहे. १९४७ साली साताऱ्याला शिवाजी कॉलेज निघालं, आणि गरिबाघरची किती मुलं श्रम करून पदवीधर झाली. तिथे श्रमाने शिक्षणाचा खर्च भागला. पाबळला श्रमातूनच धडा निघाला.

आता आपल्या मीरा-भाईंदरकडे वळू. उत्तनला बांबूंच्या वलांडीवर बोंबील सुकतात आणि एका अवकाळी पावसात सगळा माल जातो. झाकलेल्या सौर वाळवणीत माल किती तासांत सुकतो, वजन किती घटतं, खर्च भरून निघतो का, हे विज्ञानाच्या मुलांनी कोळीणमावशींच्या शेजारी उभं राहून मोजावं. त्या मावशी तिथे परीक्षक असतील, आणि कडक असतील. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आहेत; पत्रा कापताना वाया किती जातो, पॉलिशच्या धुळीपासून कामगाराला कसं जपायचं, हे अभ्यासाचे विषय आहेत. आणि कॉमर्सच्या मुलांसाठी तर हाउसिंग सोसायट्याच सोसायट्या. सिंकिंग फंड कशासाठी, थकबाकी ताळेबंदात कुठे दिसते, हे वार्षिक सभेत सभासदांना समजेल असं मांडून दाखवणं, यापेक्षा चांगली तोंडी परीक्षा मला माहीत नाही.

नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्प, समाजसहभाग, प्रत्यक्ष नोकरीतलं प्रशिक्षण यांना श्रेयांक दिले आहेत. दार उघडलं आहे. भीती एवढीच वाटते की ओळखीच्या ऑफिसातून प्रमाणपत्र आणायचं, दुसऱ्याची फाइल उतरवायची आणि गुण घ्यायचे, अशी रीत पडेल. ती टाळायची तर शिक्षकाने आधी स्वतः त्या कारखान्यात, त्या किनाऱ्यावर जाऊन यायला हवं. काम नीट झालं नाही तर मुलाने ते पुन्हा करून द्यायला हवं. आणि गुण देताना ज्याचं काम केलं त्याचं म्हणणं विचारायला हवं. याला वेळ लागतो. साठ-सत्तर मुलांच्या वर्गात एकट्या शिक्षकाला हे पेलणार नाही. प्राचार्यांनी वेळापत्रकात त्याची सोय केली पाहिजे.

या सभागृहात कारखानदार आहेत, दुकानदार आहेत, सोसायट्यांचे सचिव आहेत, मच्छीमार संस्थांची मंडळी आहेत. माझी तुम्हाला विनंती आहे की जून महिन्यात जवळच्या कॉलेजात जा आणि तुमचं अडलेलं एक खरं काम प्राचार्यांच्या हाती द्या. देणगी नंतर दिलीत तरी चालेल.