दारासुरम्: पाणी, माग आणि माणसं

तमिळनाडूत कुंभकोणमला खेटून, कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात दारासुरम् आहे. दुसऱ्या राजराज चोळाने बाराव्या शतकात उभारलेलं इथलं ऐरावतेश्वर मंदिर २००४ साली जागतिक वारसा यादीत आलं. इथला मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा. त्या दिवसांत मंदिरापुढच्या सखल भागात, नंदीच्या आसपास, पाणी साचतं. का साचतं, हे एकट्या अभियंत्याला सांगता येणार नाही. भोवतीची जमीन कधी उंचावली, घरं कधी वाढली, जुने पाट कुठे बुजले, हे पुरातत्त्वज्ञ, लोकसंख्याशास्त्रज्ञ आणि जलतज्ज्ञ यांनी एकत्र बसूनच शोधायला हवं.

गावात रेशीम विणणारे सौराष्ट्र समाजाचे विणकर आहेत. त्यांचे पूर्वज पश्चिम भारतातून आले. रेशीम रंगवायला, धुवायला पाणी लागतं. म्हणजे स्थलांतराचा इतिहास थेट पाण्याच्या हिशेबाशी जोडलेला.

असे धागे जोडायला जुन्या नोंदी लागतात. जपानी इतिहासकार नोबोरू काराशिमा यांनी चोळकालीन शिलालेखांतून कावेरीकाठच्या जमिनींची मालकी कशी बदलली, याचा आकडेवारीने मागोवा घेतला. आपल्या मराठी माणसांसाठी तर आणखी एक खजिना आहे: तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातली, तिथल्या भोसले राजांच्या काळातली मोडी कागदपत्रं. मोडी वाचणाऱ्या मराठी तरुणांनी, हवामान अभ्यासकांना सोबत घेऊन, तिथे जरूर जावं. १९३४ साली कावेरीवर मेट्टूर धरण झालं, त्याच्या आधीच्या कावेरीकाठचं जगणं समजून घेताना असे जुने कागद मोलाचे ठरतात.